मून मॉथ आणि वाघाटी यांची तुलना करायची तर कशी?

प्रश्न ठाण्यात मानपाड्याला, येऊरच्या जंगलाला लागून असलेल्या सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंचा आहे. जुलैमध्ये त्यांच्या जिन्यात फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मोठा पतंग येऊन बसला होता, त्याचा फोटो त्यांनी पाठवला आहे. त्याच सुमारास मागच्या भिंतीवर रखवालदाराला ठिपक्यांचं लहानसं मांजर दिसलं आणि त्याने फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. पतंग म्हणजे मून मॉथ आणि मांजर म्हणजे वाघाटी. ताईंच्या सातवीतल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी या दोघांची तुलना करायची ठरवली आहे. पण कीटकाची आणि सस्तन प्राण्याची तुलना होत नाही, एकाच गटातले दोघं घे, असं तिला सांगण्यात आलं. तर तुलना होईल का, दोघांत जास्त दुर्मीळ कोण, आणि दोघंही परत दिसावेत यासाठी सोसायटीने काय करावं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, तुलना जरूर होते. शाळेतून जे सांगितलं ते शरीररचनेपुरतं बरोबर आहे. सहा पाय विरुद्ध चार पाय, पंख विरुद्ध केस असे रकाने भरले तर त्यातून काहीच कळत नाही. पण हे दोघं येऊरच्या एकाच उतारावर, एकाच काळोखात जगतात. जगायला कोणाला काय लागतं, किती दिवस लागतं आणि ते मिळालं नाही तर काय होतं, असं विचारा. मग दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवता येतात आणि त्यातला फरक डोळ्यात भरतो. मी बरीच वर्षं या पट्ट्यात रात्रीच्या निरीक्षणांना जातोय आणि ‘आमच्याकडे एक प्राणी आलाय’ अशा फोनांनाही. माझं मत असं झालंय की या जंगलाची तब्येत समजून घ्यायला यापेक्षा चांगली जोडी क्वचितच मिळेल.

आधी पतंग, कारण त्याच्याबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते. तुमच्या फोटोतला मून मॉथच आहे, शास्त्रीय नाव ॲक्टियास सेलेने. पंख पसरल्यावर रुंदी साधारण १० ते १२ सेंमी. पुढच्या पंखांच्या वरच्या कडेला मरून पट्टी, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखी एक खूण, अंगावर पांढरी लव आणि पाय गुलाबीसर. फोटो मोठा करून त्याच्या मिशा बघायला मुलीला सांगा. नराच्या मिशा रुंद, दोन्ही बाजूंनी दाट दात असलेल्या फणीसारख्या असतात, मादीच्या अरुंद. तुमच्या फोटोतल्या मिशा अरुंद आहेत आणि पोट चांगलंच फुगलेलं आहे. म्हणजे ती मादी आहे आणि पोटात अंडी आहेत. पंखांच्या कडा कुठेही फाटलेल्या नाहीत, शेपट्या शाबूत आहेत, त्यावरून ती कोशातून नुकतीच बाहेर आलेली दिसते.

हे बारकावे सांगतोय कारण त्यांवरून पुढचं कळतं. नर मादीच्या गंधाचा माग काढत दूरवरून येऊ शकतो, त्यामुळे दिव्यावर आलेला नर कुठला हे सांगणं कठीण. अंड्यांनी जड झालेली ताजी मादी मात्र सहसा जवळपासचीच असते. म्हणजे तुमच्या आवारात किंवा भिंतीपलीकडे असं झाड आहे ज्यावर तिची अळी वाढली. येऊरच्या बाजूला मी आधी मोई शोधेन, जिला कोणी शेमट किंवा शिमटी म्हणतं. पाड्यांवर कुंपणाला तिचे दांडके रोवतात आणि ते जगतात. शोभेचं झाड नाही, फळ आपल्या कामाचं नाही, लाकूडही मऊ. त्यामुळे पार्किंग वाढवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड हिच्यावरच पडते.

आता या पतंगाचा सगळ्यात विलक्षण भाग. पूर्ण वाढ झालेला मून मॉथ काही खात नाही. खाऊच शकत नाही, कारण त्याच्या तोंडाचे भाग निकामी असतात. फुलावर बसलेला, मध पिणारा मून मॉथ तुम्हाला कधीही दिसणार नाही. लोक कळवळून त्याच्यापुढे साखरेचं पाणी ठेवतात, केळ्याचा काप ठेवतात. त्यांची माया खरी असते, पण पतंगाला त्याचा शून्य उपयोग. अळी असताना जी चरबी साठवली तेवढ्यावरच आठवडाभर उडायचं, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचं.

म्हणजे खाण्याचं सगळं काम अळीकडे. अंड्यातून दहा-बारा दिवसांत बाहेर येते तेव्हा ती तांबडी असते आणि पोटावर काळा पट्टा असतो. कात टाकत टाकत ती हिरवीगार होते, अंगावर पिवळसर-केशरी उंचवटे येतात, त्यांवर बारीक केस. शेवटच्या टप्प्यात ती बोटाएवढी जाड असते आणि डहाळीला उलटी लटकून पानं कडेपासून देठापर्यंत संपवते. झाडाखाली मिऱ्यासारखी मोठी, खाचा पडलेली काळपट लेंडी दिसली की वर बघायचं. मी तरी तसंच शोधतो. नुसतं पानांत बघत बसलं तर समोर असूनही ती दिसत नाही. पाच-सहा आठवडे खाऊन झालं की पानांत स्वतःला गुंडाळून ती रेशमाचा कोश विणते.

ठाण्याच्या हवेत इथे एक सुंदर मेळ आहे. मोई हिवाळ्यात पानं टाकते ती थेट पावसाच्या तोंडावर नव्याने पालवते, मधले महिने उघडी उभी असते. अळीला त्या काळात खायला काहीच नाही. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी विणलेल्या कोशातला जीव कोरडा काळ आतच झोपून काढतो आणि पाऊस आला, पालवी आली की बाहेर पडतो. पण तोपर्यंत कोश असतो कुठे? बरेचदा गळलेल्या पानांबरोबर जमिनीवर. फेब्रुवारीत सोसायटीतला पालापाचोळा गोळा करून पेटवला की आपण नकळत पुढच्या जुलैचे मून मॉथ जाळतो.

शेपट्यांबद्दल मुलीने नक्की लिहावं. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. अमेरिकेत याच कुळातल्या लुना मॉथवर प्रयोग झाले आणि ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उडताना गोल फिरणाऱ्या शेपट्यांवरून वटवाघळाच्या आवाजाचा प्रतिध्वनी परततो, त्यामुळे वटवाघळाचा हल्ला अंगाऐवजी शेपटीवर जातो. शेपट्या असलेले पतंग शेपट्या कापलेल्यांपेक्षा बरेच जास्त वाचले. आपल्याकडचा मून मॉथ त्याच प्रजातीगटातला. तुटक्या शेपटीचा पतंग दिसला तर ‘बिचारा’ म्हणायच्या आधी हेही लक्षात घ्यावं की कदाचित ती शेपूट देऊनच तो जिवंत राहिलाय.

आता वाघाटी. रखवालदारकाकांचा व्हिडिओ पुसट असला तरी मला शंका वाटत नाही. रस्टी-स्पॉटेड कॅट, शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस रुबिजिनोसस. जगातल्या सर्वांत लहान मांजरकुळातल्या प्राण्यांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी भरते एक ते दीड किलो, म्हणजे तुमच्या सोसायटीतल्या बोक्याच्या निम्मीही नाही. पाठ राखाडी-तपकिरी, तीवर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी. डोळ्यांच्या वरून मानेकडे जाणाऱ्या गडद रेषा, कान आखूड आणि गोलसर, डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे. व्हिडिओत ती भिंतीवरून वळते तिथे थांबवून शेपूट बघा. अंगभर ठिपके आणि शेपूट मात्र जवळपास सपाट रंगाची, ही खूण महत्त्वाची. लेपर्ड कॅटची शेपूट ठिपक्यांची असते, आणि गावोगावी तिलाही वाघाटीच म्हणतात म्हणून घोळ होतो.

त्याहून मोठा घोळ बिबट्याच्या पिल्लाचा. ‘बिबट्याचं पिल्लू सापडलंय, लगेच या’ असा फोन येतो. घोडबंदर पट्ट्यात ते शक्यही आहे, म्हणून धावत जावं लागतं, आणि खोक्यात बघितलं तर वाघाटीचं पिल्लू निघतं. ओळखायची सोपी रीत अशी की बिबट्याचं पिल्लू डोळे उघडण्याच्या वयातच थोराड, जाड पंजांचं असतं. वाघाटीचं पिल्लू जन्मतः शंभर ग्रॅमही नसतं, तळहातावर मावतं, आणि ठिपके एकमेकांपासून सुटे, ओळीत असतात. पण ओळख पटो न पटो, हात लावायचा नाही. त्यावर खाली येतोच.

आता दोघांना शेजारी ठेवा. मून मॉथची मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि निघून जाते. त्यांतली बहुतेक पक्षी, मुंग्या, परजीवी माश्या-गांधीलमाश्या यांच्या तोंडी जातात. पतंगाचा सगळा भरवसा संख्येवर आहे. वाघाटी दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ, ६५ ते ७० दिवस, गर्भ वागवते आणि एक ते तीन पिल्लं देते. मग त्यांना दूध, मग शिकार आणून द्यायची, मग शिकार शिकवायची. एक मादी रस्त्यावर गाडीखाली आली तर एका हंगामाची सगळी गुंतवणूक गेली, शिवाय पुढच्या कित्येक वर्षांचीही. म्हणूनच एका पतंगाचं मरण आणि एका वाघाटीचं मरण जंगलाच्या हिशेबात सारखं नाही. पतंगाच्या बाबतीत झाड मरणं हे मोठं संकट, वाघाटीच्या बाबतीत एक जीव मरणंही मोठं संकट.

दुसरा फरक खाण्याचा. पतंगाने सगळं जेवण आधीच उरकलंय. वाघाटीला ते रोज रात्री मिळवावं लागतं. उंदीर हा मुख्य आधार, त्याशिवाय सरडे, पाली, बेडूक, लहान पक्षी आणि मोठे कीटक. पाऊस कोसळून गेल्यावर बेडूक आणि उंदीर बाहेर पडतात तेव्हा ती हमखास फिरताना आढळते. काकांनी ज्या रात्री व्हिडिओ घेतला त्या संध्याकाळी पाऊस झाला होता का, हे त्यांना विचारायला मुलीला सांगा. झाडावर ती सहज चढते, दगडांच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत आणि क्वचित पडक्या घराच्या माळ्यावरही पिल्लं घालते. माणसाची तिला भीती आहे, पण माणसाच्या जवळपास तिला उंदीर मिळतात हेही तिला ठाऊक आहे.

म्हणून दिसण्याचा अर्थ वेगवेगळा निघतो, आणि माझ्या दृष्टीने या तुलनेचं सार हेच आहे. ताजी मून मॉथ मादी दिसली तर समजावं की जवळ एक योग्य झाड आहे आणि गेल्या वर्षी त्याखालचा पाचोळा कोणी जाळला नाही. वाघाटी दिसली तर समजावं की उंदीर-बेडकांपासून कपारीपर्यंत, लपायच्या झुडपांपासून ओढ्यापर्यंत सगळी जमीन अजून जिवंत आहे आणि ती जमीन मागच्या जंगलाशी जोडलेली आहे. पतंग एका झाडाची साक्ष देतो. वाघाटीची साक्ष सबंध परिसराची असते.

दुर्मीळ कोण, याचं उत्तर सरळ आहे. वाघाटी. १८३१ मध्ये पुदुच्चेरीकडच्या नमुन्यावरून फ्रेंच शास्त्रज्ञ इझिदोर जोफ्र्वा सँ-इलेर यांनी तिचं वर्णन केलं. साऱ्या जगात ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०१६ मध्ये तिला ‘संकटसमीप’ गटात ठेवलं, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिच्या प्रजननाचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. मून मॉथ आशियात दूरवर पसरलेला आहे आणि प्रजाती म्हणून त्याच्यावर तसं संकट नाही. पण ‘प्रजाती सुरक्षित’ आणि ‘मानपाड्यात सुरक्षित’ यांत फरक आहे. मोई गेली की सोसायटीतला मून मॉथ गेला, मग तो हिमालयाच्या पायथ्याशी कितीही असो.

आणि कमी दिसणं म्हणजे कमी असणं असंही नाही. वाघाटी जन्मभर शेजारी राहून कोणाच्या नजरेस पडत नाही. मून मॉथ दिव्यावर येतो म्हणून दिसतो. त्याचं दिसणं हीच पुष्कळदा त्याची आपत्ती असते. पतंग दिव्याकडे का येतात यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन फार पटण्यासारखं आहे. उडणारा कीटक वरचं आकाश उजळ धरून आपली पाठ त्याच्याकडे ठेवतो, म्हणजे अंधारातही त्याला वर-खाली कळतं. जवळ दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, त्यामुळे तोल जातो आणि तो दिव्याभोवती घिरट्या घालत अडकतो. म्हणजे दिव्याचं आकर्षण असं काही नाही, तो त्यात फसतो. ज्याच्याकडे एकूण सात-आठ रात्री आहेत आणि पोटात नवी शिदोरी भरता येत नाही, त्याच्या दोन रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली जाणं ही केवढी हानी! मादी तर शेवटी नाइलाजाने भिंतीवरच अंडी चिकटवते. तुमच्या जिन्यात बघा, मोहरीच्या दाण्याएवढी, तपकिरी-करडी, ओळीत किंवा पुंजक्याने चिकटलेली अंडी असतील. पुसू नका. ओल्या कागदाच्या कडेने हलकेच सुटली तर डबीत ठेवा, अळ्या निघाल्या की मोईच्या पानांवर सोडा. तिच्या प्रकल्पाला याहून चांगली गोष्ट कोणती?

सोसायटीने काय करावं, तर पहिलं काम दिव्यांचं. जंगलाकडच्या भिंतीवरचे पांढरे-निळसर फ्लडलाइट काढून पिवळसर, कमी वॉटचे, खाली झाकलेले दिवे लावा, आणि जिन्यात सेन्सर. येऊरमध्ये बंगल्यांचे आणि टर्फचे झोत रात्रभर झाडीत घुसतात, त्यावर नागरिक बोलत आहेत आणि बोलायलाच हवं. पण आपल्या भिंतीवरचा दिवा आपल्या सभेत ठराव करून महिनाभरात बदलता येतो. वाघाटीलाही अंधारी भिंत सोयीची.

दुसरं, पाचोळा जाळू नका, कोपऱ्यात रचून खत करा. होळीच्या आसपास येऊरच्या उतारांवर वणवे लागतात, त्यात कोशही जातात आणि वाघाटीचा आडोसाही. धूर दिसला की वाट बघू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.

तिसरं जरा नाजूक आहे. मागच्या भिंतीपाशी भटक्या कुत्र्या-मांजरांना खाऊ घालणारे शेजारी प्रेमाने घालतात, त्यांच्याशी भांडू नका. पण खायला ठेवण्याची जागा रस्त्याच्या बाजूला, पुढच्या फाटकाशी हलवा आणि नसबंदी-लसीकरण करून घ्या. कुत्र्यांच्या टोळीपुढे दीड किलोच्या वाघाटीचा निभाव लागत नाही, आणि पाळीव मांजरांचे रोग तिला होऊ शकतात. उंदरांना विष घालणंही बंद करा. विष खाल्लेला सुस्त उंदीर वाघाटीच आधी पकडेल.

रस्ता मात्र सोसायटीच्या हातातला नाही. घोडबंदर रस्ता नागला बंदराच्या बाजूचं जंगल मुख्य उद्यानापासून तोडतो, आणि लहान प्राण्यांना तो ओलांडणं दिवसेंदिवस अवघड होतंय. बिबट्याचा अपघात बातमीत येतो, वाघाटीचा सकाळी झाडलोटीत जातो. तुम्हाला मेलेलं ठिपक्यांचं मांजर रस्त्यावर दिसलं तर फोटो, तारीख आणि ठिकाण वनखात्याला जरूर द्या. भुयारी वाट कुठे हवी हे ठरवायला अशाच नोंदी उपयोगी पडतात.

आणि पिल्लांबद्दल. आई शिकारीला जाते तेव्हा पिल्लं तासन्‌तास एकटी असतात, ती टाकलेली नसतात. जुन्नरकडे ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात तेव्हा वनखातं आणि बचावपथकं ती तपासून, त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री दुरून लक्ष ठेवतात आणि आई येऊन एकेक उचलून नेते. तुमच्याकडे सापडली तरी तेच. दूध पाजायचं नाही, घरात न्यायचं नाही, मुलांना दाखवायला बोलवायचं नाही. कुत्री लांब ठेवायची, १९२६ ला फोन करायचा आणि माणसं येईपर्यंत दुरून राखण करायची.

प्रकल्पात रकाने असे करायला सांगा: कोण काय खातं आणि आयुष्याच्या कोणत्या काळात, पिल्लं किंवा अंडी किती आणि त्यांच्यावर किती दिवस मेहनत, उन्हाळा कसा काढतात, उजेडाने काय होतं, आपल्या आवारातलं काय गेलं तर कोण आधी जाईल. शेवटचा रकाना तिने स्वतः आवारात फिरून भरावा, मोई आहे का ते पाहून. आणि काकांचा व्हिडिओ वर्गात जरूर दाखवावा, पण सोसायटीचं नाव-पत्ता त्यावर टाकून सगळीकडे पाठवू नका. एकदा ‘इथे वाघाटी येते’ असं पसरलं की पुढच्या शनिवारी रात्री त्या भिंतीपाशी टॉर्च घेऊन माणसं उभी राहतात, आणि मग ती येत नाही.